शिक्का आणि खेळणें

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

आजच्या भाषणाचा विषय खेळण्यांचा आहे असें ऐकून कित्येकांना वाटेल कीं, मुलांच्या कार्यक्रमांतलें भाषण चुकून मोठ्या माणसांच्या वेळेंत आलें. पण तसें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें इतिहासाविषयीं, आणि तोहि आमच्या उरणच्या इतिहासाविषयीं. खेळणें निर्धोक आहे कीं विषारी, आणि त्यावरील शिक्का खरा आहे कीं खोटा, हें पाहाण्याचें काम कोणाचें, या प्रश्नाला बराच जुना इतिहास आहे. त्या इतिहासाचें सर्वांत अलीकडचें प्रकरण उरण तालुक्याच्याच किनाऱ्यावर लिहिलें जात आहे, म्हणून हा विषय मीं मुद्दाम निवडला.

उरणच्या माणसाला सरकारी तपासणीची ओळख नव्यानें करून द्यावी लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत उरण हा पनवेल तालुक्याचा एक लहानसा पेटा होता. पण दोन जिनसांमुळें त्याचें नांव मुंबईच्या दप्तरांत नेहमीं असे. एक मीठ आणि दुसरी मोहाच्या फुलांची दारू. मोहाचीं फुलें गुजराथेकडून येत, येथल्या भट्ट्यांत दारू गाळली जाई आणि मोरा बंदरांतून गलबतांनीं ती खाडीपलीकडे जाई. या दोन्ही जिनसांवर सरकारची नजर किती करडी होती, हें दोन कायद्यांवरून दिसून येतें. १८९० सालीं मुंबई इलाख्यासाठीं मिठाचा कायदा झाला व परवान्यावांचून मीठ पिकविणें गुन्हा ठरलें. १८९२ सालीं मोहाचा कायदा झाला, आणि ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत झाडाखालीं पडलेलीं फुलें बाळगण्यावरहि निर्बंध आले. जंगलाची गोष्ट तशीच. २५ सप्टेंबर १९३० रोजीं चिरनेर येथें जंगल सत्याग्रह करणाऱ्या गांवकऱ्यांवर गोळीबार झाला, तो सरकारी जंगलाच्या हक्कासाठींच.

म्हणजे मीठ, फूल आणि लांकूड या तिन्ही वस्तूंवर पहारा होता. माप होतें, कुलूप होतें, परवाना होता, शिक्का होता. मात्र हा सारा बंदोबस्त सरकारी तिजोरीचा होता. त्याच मोरा बंदरांत मुंबईहून येणाऱ्या मचव्यांतून एखादा बाप आपल्या मुलासाठीं रंगीत खेळणें घेऊन उतरे, तेव्हां त्या खेळण्याला कोणता रंग लावला आहे, हें विचारणारा कोणी शिपाई धक्क्यावर उभा नसे.

त्या काळच्या कोंकणांतील मुलांचीं खेळणीं बहुतेक घरचींच असत. आंब्याची कोय घासून केलेली पिपाणी, माडाच्या झावळीची पिपाणी, करवंटी, सागरगोटे, विटीदांडू आणि सुताराकडून करून घेतलेला भोंवरा. यांतहि धोका नव्हता असें नाहीं. विटीनें डोळा गेल्याच्या गोष्टी गांवोगांव ऐकूं येतात. पण तो धोका डोळ्यांना दिसणारा होता आणि आईला तो ठाऊक होता. पुढें मुंबईच्या बाजारांत जर्मनीचीं पत्र्याचीं खेळणीं आलीं, आणि पहिल्या महायुद्धानंतर जपानी माल स्वस्तांत मिळूं लागला. त्यांत सेल्युलॉइडच्या गुलाबी गालांच्या बाहुल्या असत. ही बाहुली हातांत हलकी, दिसायला गोजिरी. पण दिव्याजवळ गेली तर भडकन् पेट घेणारी. जकातीच्या अधिकाऱ्यानें तिची किंमत पाहिली, तिच्यावरील कर घेतला आणि तिला शहरांत सोडलें. तिच्या अंगीं अग्नि आहे हें त्याच्या चोपडींत लिहिण्यास रकानाच नव्हता.

येथें शूद्रकाच्या मृच्छकटिकाची आठवण होते. देवलांनीं तें मराठी रंगभूमीवर आणलें, म्हणून तें आपल्यापैकीं अनेकांच्या परिचयाचें आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून मातीच्या गाडीला नाकारतो, आणि वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडींत भरते. तिचा हेतु प्रेमाचा; पण पुढें तेच दागिने न्यायसभेंत चारुदत्ताविरुद्ध पुरावा होऊन बसतात. खेळण्याच्या आंत काय भरलें आहे, हें देणाऱ्यानें आणि घेणाऱ्यानें दोघांनींहि पाहिलें पाहिजे, असा एक अर्थ मला त्या कथेंत नेहमीं दिसत आला आहे.

खेळण्याच्या आंत काय असतें, याचा शोध लागला तो मात्र फार दूरच्या गांवीं. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरांत १८९० नंतरच्या दशकांत डॉक्टर टर्नर यांना शिशाच्या विषबाधेचीं लहान मुलें सांपडूं लागलीं. हीं मुलें कोठल्या कारखान्यांत जात नव्हतीं. मग त्यांच्या पोटांत शिसें गेलें कोठून? १९०४ सालीं डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनीं तें दाखवून दिलें. घराच्या पडवीच्या कठड्यांना लावलेला शिशाचा रंग उन्हानें भुकटी होई, तो मुलांच्या हातांना लागे आणि हात तोंडांत जात. तेथल्या सरकारला कायदा करावयास मात्र १९२२ साल उजाडलें. कारण समजल्यावरहि अठरा वर्षें गेलीं. या विषयाच्या इतिहासांत ज्ञान पुढें आणि कायदा मागें, अशीच चाल सर्वत्र दिसते.

शिसें मुलालाच इतकें कां बाधतें, हेंहि थोडक्यांत सांगतों. एकच कण मोठ्या माणसाच्या व लहान मुलाच्या पोटांत गेला, तर मुलाचें शरीर त्यांतील शिसें चार-पांच पटींनीं अधिक शोषून घेतें. तें रक्तांतून मेंदूपर्यंत पोंचतें, आणि मेंदु तर त्याच वयांत घडत असतो. मुलाला ताप येत नाहीं, पुरळ उठत नाहीं. तें अभ्यासांत मागें पडतें, चिडखोर होतें, आणि घरचीं माणसें त्याला मठ्ठ म्हणून मोकळीं होतात. शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक, असें आज कोणताहि वैद्य सांगूं शकत नाहीं. रंगाला तजेला यावा म्हणून पिवळ्या-तांबड्या रंगांत शिशाचीं संयुगें घालण्याची पद्धत फार जुनी. आणि मुलाला नेमका पिवळा-तांबडा रंगच आवडतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीं थोडे महिने, ६ जानेवारी १९४७ रोजीं, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५२ सालीं शिक्क्याचा कायदा झाला आणि १९५५ पासून आयएसआयचा शिक्का मालावर दिसूं लागला. १९८६ च्या कायद्यानें १ एप्रिल १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो तिच्या जागीं आला. या काळांत खेळण्यांसाठीं मानकें तयार झालीं खरीं, पण तीं पाळणें कारखानदाराच्या मर्जीवर होतें. सिमेंटला शिक्का सक्तीचा झाला. बाळाच्या खुळखुळ्याला नाहीं.

झोप मोडली ती एकविसाव्या शतकांत. २००७ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंतील मॅटेल कंपनीला चीनमध्यें बनविलेलीं साडेनऊ लाखांहून अधिक खेळणीं रंगांतील शिशामुळें परत बोलवावीं लागलीं. त्याच वर्षीं ‘करंट सायन्स’ या आपल्याच देशांतील नियतकालिकांत दिल्ली, मुंबई व चेन्नई येथील बाजारांतून घेतलेल्या खेळण्यांची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांत शिसें व कॅडमियम आढळल्याचें तींत नमूद होतें. २३ जानेवारी २००९ रोजीं सरकारनें चिनी खेळण्यांची आयात सहा महिन्यांसाठीं बंद केली. पण पुढच्याच मार्चमध्यें, परदेशी मानकांचें प्रमाणपत्र असल्यास माल येऊं द्यावा, अशी सवलत दिली. १ सप्टेंबर २०१७ पासून भारतीय मानकांप्रमाणें चांचणीचा दाखला मागण्यांत येऊं लागला. पण दाखला एका नमुन्याचा आणि माल दुसराच, अशी पळवाट राहिली. म्हणून २ डिसेंबर २०१९ रोजीं प्रत्येक खेपेंतून नमुने काढून येथल्या प्रयोगशाळेंत पाठवावे, असा हुकूम निघाला. शेवटीं २५ फेब्रुवारी २०२० रोजीं खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश जाहीर झाला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून अंमलांत आला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का आतां सक्तीचा आहे. कारखाना आपल्या देशांतला असो कीं परदेशांतला, परवाना ब्यूरोचाच लागतो.

त्या चांचणीचें स्वरूप ऐकण्यासारखें आहे. खेळण्यावरील रंग खरवडून तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत घालतात. तें ३७ अंश उष्णतेवर एक तास हलवीत ठेवतात व एक तास स्थिर ठेवतात. ३७ अंश म्हणजे आपल्या शरीराची उष्णता, आणि तें आम्ल म्हणजे मुलाच्या जठरांतल्या रसाची नक्कल. किलोभर रंगामागें नव्वद मिलिग्रॅमहून अधिक शिसें त्यांत उतरलें, तर खेळणें नापास. दुसरी एक परीक्षा अगदीं साधी. तीन वर्षांखालील मुलांसाठीं असलेलें खेळणें, किंवा त्याचा सुटणारा तुकडा, ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका नळकांड्यांत टाकून पाहातात. तो त्यांत पुरता मावला, तर मुलाच्या घशांतहि मावेल असें समजावयाचें. याशिवाय धारदार कडा, लांब दोऱ्या, चटकन् पेट घेणारें कापड, प्लॅस्टिक मऊ करणारीं द्रव्यें आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांतील दोष, या साऱ्यांना निरनिराळीं मानकें आहेत.

आतां या साऱ्या नियमांची कसोटी जेथें लागते, तें ठिकाण म्हणजे आमचा तालुका. २६ मे १९८९ पासून न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. या भागांतील भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं लढा दिला, आणि जानेवारी १९८४ मध्यें पांच जणांनीं त्यांत प्राण दिले, हें येथल्या लहान पोरालाहि ठाऊक आहे. जेथें भाताचीं खाचरें आणि मिठागरें होतीं, तेथें आज कंटेनरांच्या भिंती उभ्या आहेत. देशांत समुद्रमार्गें येणाऱ्या मालाचा फार मोठा भाग याच दारानें आंत येतो. कित्येक कंटेनर चाळीस फूट लांब. त्यांतला प्रत्येक उघडून पाहावयाचा म्हटला, तर बंदर आठ दिवसांत तुंबेल. म्हणून कागद पाहून आणि धोक्याचा अंदाज बांधून निवडक कंटेनर उघडण्याची पद्धत आहे. खोटें बोलणाऱ्याला अवकाश मिळतो तो येथेंच. खेळणीं भरावयाचीं आणि कागदावर भलत्याच जिनसाचें नांव लिहावयाचें, असे प्रकार न्हावा-शेवा येथें एकाहून अधिक वेळां पकडले गेले आहेत.

असें खोटें बोलण्याचा मोह कां होतो, हेंहि सांगितलें पाहिजे. खेळण्यांवरील आयात जकात २०२० च्या फेब्रुवारींत वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेली आणि २०२३ सालीं ती सत्तर टक्के झाली. गुणवत्तेचा आदेश आणि जकातीची वाढ एकाच महिन्यांत आली, म्हणून कित्येक टीकाकार म्हणतात कीं, मुलांचें नांव पुढें करून देशी कारखानदारांना संरक्षण दिलें. हा आक्षेप अगदींच वाऱ्यावर सोडण्यासारखा नाहीं. मीठ आणि मोहाचा इतिहास ज्या गांवानें पाहिला, त्याला तिजोरीचा पहारा कोणता आणि लेकराचा पहारा कोणता, हें ओळखतां आलें पाहिजे. माझ्या मतें दोहोंमधला फरक असा: जकात फक्त बाहेरच्या मालाला लागते, शिक्का मात्र येथल्या कारखान्यालाहि घ्यावा लागतो. जकात चुकविली तर सरकारचा पैसा बुडतो. शिक्का चुकविला तर मुलाचें रक्त नासतें. पण जकात जितकी चढी, तितका चोरट्या आयातींत नफा अधिक, आणि चोरून आलेला माल प्रयोगशाळेचें तोंड कधींच पाहात नाहीं. एक पहारा अशा रीतीनें दुसऱ्याला दुबळा करतो, हें कायदा करणाऱ्यांनीं विसरूं नये.

आतां माझीच एक गोष्ट सांगतों. ती मला भूषणावह नाहीं. मागें एकदां गणेशोत्सवाच्या सुमारास मीं बाजारांत नातवासाठीं एक पिवळीधमक चावीची बस उचलली. पेटीवर आयएसआयचा शिक्का होता, वर मानकाचा क्रमांक होता, खालीं परवान्याचा क्रमांकहि होता. मी चष्मा लावून पाहूं लागलों, तेव्हां दुकानदार हंसून म्हणाला, “शिक्का आहे ना, मास्तर? मग आणखी काय पाहातां?” मीं तो परवाना क्रमांक फोनवर पडताळला. परवाना अस्तित्वांत होता. पण तो एका निराळ्याच जिनसाच्या कारखान्याचा होता, खेळण्यांशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. कोणीतरी दुसऱ्याचा क्रमांक उचलून त्या पेटीवर छापला होता. दुकानदाराचा चेहरा उतरला. त्यानें माल मुंबईच्या घाऊक बाजारांतून पावतीशिवाय आणलेला. तोहि फसलाच होता. त्यानें ती बस माझ्या हातांतून घेऊन आंत ठेवली. फळीवर तसल्याच आणखी दहा-बारा बसगाड्या होत्या. त्यांचें पुढें काय झालें, हें मीं विचारलें नाहीं. ओळखीचा माणूस, सणाचे दिवस, कशाला वाईटपणा घ्या, असें मनांत आलें आणि मी घरीं आलों. त्या गाड्या कोणाच्या ना कोणाच्या घरीं गेल्या असतील. माझा नातू वांचला आणि शेजाऱ्यांचीं नातवंडें उरलीं. हें माझें चुकलें, आणि आजचें हें भाषण थोडेंसें त्या चुकीपोटींहि आहे.

मीं केलें नाहीं तें आपण करावें, म्हणून कृति सांगतों. खेळण्याच्या पेटीवर आयएसआयचा शिक्का पाहा. त्याच्या माथ्यावर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्याला आयएस ९८७३ आणि विजेच्या किंवा बॅटरीच्या खेळण्याला आयएस १५६४४. शिक्क्याच्या पायाशीं ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढें परवान्याचा क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्यें तो क्रमांक घातला कीं कारखान्याचें नांव, पत्ता, जिन्नस आणि परवाना चालू आहे कीं बंद, हें दिसतें. तीं चारहि कलमें पेटीवरील मजकुराशीं जुळवून पाहा. नुसता क्रमांक सांपडला म्हणून समाधान मानूं नका. जिन्नस जुळला पाहिजे. युरोपांतील ‘सीई’ हीं अक्षरें असलीं, तरी तीं आपल्या कायद्याला पुरीं पडत नाहींत. आणि पावती मागा, कारण पावतीवांचून तक्रार लंगडी पडते. संशय आला तर त्याच ॲपवर किंवा १९१५ या ग्राहक क्रमांकावर कळवा. शिक्क्याचा खोटा वापर करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्यास किमान दोन लाख रुपये दंड आहे. ही मोठ्या दुकानांचीहि बाब आहे; २०२३ च्या जानेवारींत ब्यूरोनें मोठमोठ्या मॉलांतून व विमानतळांवरील दुकानांतून १८,६०० हून अधिक बिनशिक्क्याचीं खेळणीं जप्त केल्याचें जाहीर झालें होतें.

एक प्रश्न उरतो, तो आपल्या कारागिरांचा. सावंतवाडीच्या चितारआळींत पिढ्यान्‌पिढ्या लांकडी फळें, भाजी आणि बाहुल्या घडविणारा कारागीर प्रयोगशाळेचा खर्च कोठून करणार? हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना, तसेंच भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत धारकांना, या आदेशांतून सूट आहे, आणि ती योग्यच आहे. पण श्रोत्यांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. भौगोलिक मानांकन वस्तु कोठली आहे, हें सांगतें; तिच्या रंगांत काय आहे, हें सांगत नाहीं. लाखेचा रंग असेल तर उत्तम. पण बाजारांतला स्वस्त तैलरंग लावला असेल, तर कारागिराला तें विचारण्यांत कांहीं अपमान नाहीं. चांगला कारागीर असा प्रश्न ऐकून रागावत नाहीं. तो आपला रंग कसा करतो, तें हौसेनें सांगतो.

श्रोतेहो, मोरा बंदरांत उतरणाऱ्या बापापाशीं विचारण्यासारखें कांहींच नव्हतें. त्याच्या काळीं शिक्का तिजोरीचा होता आणि मुलाचा कोणीच नव्हता. आज मुलासाठीं एक कायदा आहे, एक प्रयोगशाळा आहे, एक क्रमांक आहे, आणि तो क्रमांक तपासण्याचें साधन घरोघर खिशांत आहे. १९०४ पासून आजपर्यंतचा हा लांबचा प्रवास शेवटीं दुकानाच्या फळीपाशीं येऊन थांबतो. पुढच्या सणाला आपण तेथें उभे राहाल, तेव्हां दुकानदाराला दोन मिनिटें थांबवा, क्रमांक पाहा. आणि तो खोटा निघाला तर फळीवरच्या उरलेल्या गाड्यांचें काय करणार, हेंहि त्याला विचारा.